उखर्डूआप्पांचा खोटा रुपया

उखर्डूआप्पांनी चहा मागवला की समोर बसलेल्या माणसाचा जीव खाली-वर व्हायचा. खांडबाऱ्यात आणि आसपासच्या पाड्यांवर ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. जुना चांदीचा रुपया घेऊन कुणी आप्पांकडे यायचं. आप्पा तो बोटांत फिरवायचे, कानाशी न्यायचे, शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर टाकायचे. मग एक तर रुपया परत देऊन म्हणायचे, "जपी ठेव, भाऊ." नाही तर फाटकाकडे तोंड करून टपरीवाल्याला हाक मारायचे, "दोन कट!" दोन कट, म्हणजे अर्धे-अर्धे चहा, आले की रुपया खोटा. तोंडावर 'खोटा' हा शब्द ते शक्यतो उच्चारत नसत. "खोटं आयकाना आधी मानूसना पोटमा कायतरी गरम जावाले जोयजे," असं त्यांचं म्हणणं होतं. चहाचे पैसे स्वतःच द्यायचे. एखाद्या महिन्यात खोटे रुपये फार निघाले की काकू, म्हणजे त्यांची बायको, शाळेत येऊन टपरीवाल्याला दम भरून जायच्या.

या भागात जुन्या रुपयांचं महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. मी पुण्याकडून विज्ञान शिकवायला आले तेव्हा मलाही कळलं नव्हतं. इंग्रजांच्या काळातला, राणीचं तोंड असलेला चांदीचा रुपया म्हणजे राणीछाप. त्याला वर कडी डाकतात, म्हणजे झाळून जोडतात, असे दहा-पंधरा रुपये एकत्र ओवून हार करतात आणि तो हार आईच्या गळ्यातून लेकीच्या गळ्यात जातो. शहरातले शौकीन ही नाणी वह्यांमध्ये लावून कपाटात ठेवतात. इथे ती बायकांच्या अंगावर असतात, लग्नात नाचतात, बाजाराला जातात. त्यामुळे जत्रेत पथारी टाकून खोटे राणीछाप विकणारेही पुष्कळ. असा एखादा हारात शिरला की दोन-दोन पिढ्या कुणाला पत्ता लागत नाही.

आप्पा आमच्या शाळेत शिपाई. अंगाने काटकुळे, उंची बेताची, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना भलेमोठे कान. त्या कानांचा त्यांना अभिमान होता. शाळेची घंटा तेच वाजवायचे, आणि वाजवताना उजव्या कानात कापसाचा बोळा घालायचे. डावा कान घंटेला, उजवा रुपयांना, अशी वाटणी होती. मी पहिल्या आठवड्यात त्यांना विचारलं, "आप्पा, कान दुखतोय का?" तर म्हणाले, "नही मॅडम, वाचाडी ठेयेल शे." म्हणजे वाचवून ठेवलाय.

त्याच वर्षी मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, नवी घंटा आणली. चांगली जाड, पितळेची, पावतीसकट. आप्पांनी एक टोला मारला आणि तोंड वाकडं केलं. "सर, हाई घंटीले सर्दी व्हयेल शे." मोठे सर चिडले. पावती दाखवली, शिक्का दाखवला. आप्पा म्हणाले, "पावतीले सर्दी नही, सर. घंटीले शे." पुढच्या उन्हाळ्यात घंटेला काठापासून वरपर्यंत बारीक चीर गेली. मोठ्या सरांनी ती उतरवून स्टोअरमध्ये ठेवली आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. आप्पाही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना कट पाजला.

त्यांच्या खिशात कायम एक अस्सल राणीछाप असायचा. त्याचं नाव 'गुरुजी'. कुणी नवा रुपया आणला की आधी गुरुजींना फरशीवर टाकायचं, त्यांचा सूर ऐकायचा आणि मग पाहुण्याला टाकायचं. "गुरुजीले इचारू," म्हणत ते डोळे मिटायचे आणि जीभ थोडीशी बाहेर काढायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडावर पदर धरून हसले होते.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. मी विज्ञानाची बाई. प्रयोगशाळेतला तराजू आणि पाणी भरलेलं मोजपात्र यापलीकडे माझा विश्वास जायचा नाही. एकदा मी दहा रुपये जमवले, काही गावातल्या बायकांचे बिनकडीचे, काही जत्रेतले, आणि आप्पांचे डोळे बांधून त्यांची परीक्षा घेतली. त्यांनी दहाही सांगितले. नऊ माझ्या तराजूशी जुळले. दहावा त्यांनी खोटा म्हटला, पण माझ्या तराजूत तो बरोबर एक तोळा भरला. मी विजयी मुद्रेनं पाहिलं. "तराजूले कान नही ऱ्हातस, मॅडम," आप्पा म्हणाले. मग मी तोच रुपया पाण्यात बुडवून मोजला. चांदीनं जेवढं पाणी सरकवायला हवं त्यापेक्षा त्यानं जास्त सरकवलं. कुणीतरी हलका धातू घेऊन, नाणं थोडं जाड करून वजन जमवलं होतं. त्या दिवसापासून मी आप्पांच्या कानांना नावं ठेवणं सोडलं.

पण आपण कधीच चुकत नाही असं आप्पा म्हणत नसत, आणि त्याला कारण होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी तोरणमाळकडचा एक म्हातारा इकडे दिलेल्या लेकीला भेटायला आला होता. त्यानं गळ्यातला एकुलता एक रुपया काढून दाखवला. आप्पांनी फरशीवर टाकला, तो 'थड्' वाजला, आप्पांनी चहा मागवला. म्हातारा चहा पिऊन निघून गेला. पुढे कधीतरी आप्पांच्या ध्यानात आलं की रुपयाला डाकलेली कडी असली की खराही रुपया मुका होतो; कडी त्याचा गळाच धरून ठेवते. मग हा माणूस रजा टाकून, तीन गाड्या बदलून, तो घाट चढून तोरणमाळला गेला. म्हातारा चारोळ्या वाळवत बसला होता. आप्पांनी हात जोडून सांगितलं की बाबा, मी चुकलो, तुझा रुपया खरा असू शकतो. म्हातारा म्हणाला, मला ठाऊकच होतं, माझ्या बापानं दिलेला आहे तो. मग तेव्हा का बोलला नाहीस, असं विचारल्यावर म्हणाला, तू एवढ्या प्रेमानं चहा पाजलास, वाद कशाला घालायचा.

ही गोष्ट आप्पा स्वतःच रंगवून सांगायचे, आणि प्रत्येक वेळी घाटाची वळणं वाढायची.

आता त्यांच्या नावाविषयी सांगायला हवं. खानदेशात उकिरड्याला उखर्डा म्हणतात. आप्पांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी आईनं जुना तोडगा केला. बाळाला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं. जेठीआई नावाच्या, मावची या आदिवासी जमातीतल्या बाईनं, म्हणजे जिनं बाळंतपण केलं त्या सुईणीनं, ते 'सापडलं' म्हणून उचललं आणि आपल्या झोपडीत नेलं. दुसऱ्या दिवशी आईनं तिच्याकडून ते रीतसर विकत घेतलं, एक राणीछाप रुपया देऊन. म्हणजे यमाच्या वहीत हे पोर त्या घरातलं नाहीच. कुठलंतरी टाकलेलं, विकतचं. वर नाव उखर्डू, म्हणजे यमानं चुकून पाहिलंच तरी नाक मुरडून पुढे जावं.

"मन्हं नाव खोटं शे, मॅडम. मी खरा शे," असं आप्पा सांगायचे आणि स्वतःच्या छातीवर दोन टिचक्या मारायचे. मोठ्या सरांनी एकदा सुचवलं होतं, निवृत्तीच्या आधी कागदोपत्री नाव उदय करून घ्या, नातवंडांना बरं वाटेल. आप्पा घाबरूनच गेले. "नाव बदलं तं यमले पत्ता लागी जाई, सर!"

तो रुपया जेठीआईनं हारात ओवला आणि जन्मभर गळ्यात घातला. आप्पा दर दिवाळीला तिच्या पाया पडायला जायचे. रुपया समोर लोंबत असायचा, पण त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. "जगना रुपया तपासतस, तो का नही तपासा?" असं काकू टोमणा मारायच्या, तेव्हा आप्पा विषय बदलायचे. जेठीआई गेल्यावर हार तिच्या एकुलत्या एका लेकीकडे, सोमीबाईकडे आला.

आणि एका बाजाराच्या दिवशी, मधल्या सुट्टीत, सोमीबाई शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. उंच, सावळी, पन्नाशीची बाई. घरी मावची बोलायची, आप्पांशी मात्र त्यांच्या अहिराणीत. तिनं पदराची गाठ सोडून एक रुपया काढला, कडीसकट, आणि आप्पांच्या तळहातावर ठेवला. तिच्या शर्मीचं लग्न ठरलं होतं. हार नव्यानं गाठवून घ्यायला ती सोनाराकडे गेली होती, आणि सोबत नवरदेवाकडची माणसं होती.

"आप्पा, सोनार म्हनस हाऊ रुपया खोटा शे. त्या मानसंस्ना समोर म्हने तो. नवरदेवनी आत्या तं हसनी." सोमीबाईनं पदराची गाठ पुन्हा आवळली. "मन्ही माय जलमभर खोटा रुपया गळामा घाली फिरनी का? आते तू सांग. तू म्हनशी ते खरं."

आप्पांनी रुपया ओळखला होता. त्यांनी तो मुठीत धरला. सोमीबाईच पुढे बोलत राहिली, की लग्नात आधीच एक उणं आहे. शर्मीला सख्खा मामा नाही. नवरीला घरातून मांडवात आणायचं ते मामानं. एक लांबचा मामा ठरवला होता, तो मानपानावरून रुसून बसलाय. आत्या त्यावरही बोलली होती. त्यात हा रुपया.

"सोमी, माले चार दिन दे," आप्पा म्हणाले. त्यांनी चहा मागवला नाही आणि 'जपी ठेव'ही म्हटलं नाही. असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

ती गेल्यावर ते माझ्या प्रयोगशाळेत आले. रुपया खरा असेल तर प्रश्न नाही. पण खोटा असेल तर त्यांच्या आईनं सुईणीला फसवलं होतं. ज्या बाईनं पोर वाचवलं, तिच्या हातावर खोटं नाणं ठेवलं होतं. आप्पांची आई शेंगा फोडायला जाऊन घर चालवायची. तिला कुणी खोटा रुपया दिला असेल आणि तिला कळला नसेल, असंही असू शकत होतं. पण आप्पांना फसवल्याचीच भीती होती. फरशीवर टाकला तर तो 'थड्' वाजला. कडी होती ना. भिंगातून पाहिलं तर राणीच्या मानेपाशी बारीक खड्डे दिसले. ओतीव रुपयाला असे खड्डे पडतात; ठोकून पाडलेल्या खऱ्या नाण्याला पडत नाहीत. पण कडी डाकताना आच जास्त लागली तरी पडतात.

"मग कडी काढू या," मी म्हणाले.

"मायनी दिधेल रुपया, जेठीआईनी लावेल कडी. मी कसाले हात लाऊ?"

"मग काय करायचं?"

"मन्हा कान आज मन्हा नही, मॅडम. दुसराना कान जोयजे."

त्या रविवारी सुरतेला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथे तपासणीची टेबलं असतात, नाणी बघून लेखी दाखला देतात, असं मीच मोबाइलवर वाचून दाखवलं. सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. काकूही सोबत होत्या, कारण आप्पांना सुरतेत एकटं सोडलं तर ते रस्त्यातल्या प्रत्येक देवळाची घंटा वाजवून बघतील, अशी त्यांना खात्री होती.

प्रदर्शन मोठ्या हॉलमध्ये. पहिल्या टेबलावर एक तरतरीत पोरगा बसला होता, डोळ्याला भिंग, समोर दिवा, आणि हातात पिस्तुलासारखं यंत्र, ते नाण्यावर रोखलं की किती चांदी ते पडद्यावर उमटायचं. यंत्रानं चांदी दाखवली, पण थोडी कमी. पोरग्यानं खड्डे पाहिले, कड पाहिली आणि मान हलवली. "काका, ये कास्टिंग है. पुराना है, चांदी भी है, लेकिन कास्टिंग है." म्हणजे ओतीव. त्यानं शिक्का मारून चिठ्ठी दिली. आप्पांचा चेहरा इतका पडला की काकूंनी त्यांचा दंड धरला.

मी म्हटलं, शेजारी दुसरं टेबल आहे. तिथे जाड चष्म्याचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी यंत्राला हात लावला नाही. रुपया नखावर तोलला, कडीजवळची जागा बराच वेळ पाहिली, राणीच्या मुकुटावरचं कोरीव काम पाहिलं. "असली छे, काका. पण कडी लागेली छे, ग्रेड नहीं मळे." म्हणजे रुपया खरा, पण कडीमुळे त्याची प्रत ठरवता येत नाही. यंत्रानं चांदी कमी दाखवली ती डाकाच्या धातूमुळे, खड्डे आचेचे, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांनीही शिक्का मारला.

आप्पा दोन्ही चिठ्ठ्या हातात धरून मध्ये उभे राहिले. मग वयस्कर गृहस्थांना विचारलं, "साहेब, हाऊ रुपया कोना शे, हाई समजस का तुमले?"

"राणीनो!" ते हसून म्हणाले.

"तेच तं," आप्पा म्हणाले. "बाकीनं तुमले नही समजस."

परतीच्या गाडीत त्यांची कळी खुलली ती खुललीच. दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसांना दाखवल्या. "एक पेशंट, दोन डॉक्टर. एक म्हनस मरना, दुसरा म्हनस लगीन लाई टाका!" अख्खा डबा हसला. एका बाईनं आप्पांना केळी दिली. उकाई धरणाचं पाणी खिडकीतून मागे जात होतं आणि आप्पा मोठमोठ्यानं सांगत होते की हा रुपया थेट त्यांच्यासारखा आहे, कागद काही म्हणो.

पण मला ठाऊक होतं की आतून ते अजून तिथेच अडकलेत. सोमवारी सकाळी ते शाळा भरायच्या आधी प्रयोगशाळेत आले. सोमीबाईला विचारून, सोनाराला पहाटेच उठवून, त्यांनी कडी काढून आणली होती. रुपया पहिल्यांदाच मोकळा होता. त्यांनी उजव्या कानातला बोळा काढला. माझ्या कडाप्प्याच्या ओट्यावर आधी गुरुजींना टाकलं. मग तो.

खणखणीत वाजला. सूर थेट गुरुजींचाच. आवाज इतका वेळ रेंगाळला की आम्ही दोघं ओट्याकडे पाहत राहिलो. आप्पांनी पुन्हा टाकला. मग तिसऱ्यांदा. मी तराजूत घातला. एका तोळ्याला थोडा कमी, झिजलेल्या नाण्याचा असावा तेवढाच. पाण्यात बुडवला, बरोबर. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. "मायनी खराच दिधा व्हता, मॅडम." एवढंच बोलले. रुपया कपाळाला लावला आणि घंटा वाजवायला गेले. त्या दिवशी त्यांनी बोळा घालायचा विसरून शाळा भरवली.

संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर सोमीबाईच्या घरी गेले. खरं सांगते, त्या आत्याचं तोंड बघायला गेले. तीही आली होती. हाराचं काय झालं ते पाहायला. अंगणात बाजा टाकल्या होत्या. शर्मी दारात उभी, सोमीबाईच्या हातात न ओवलेल्या रुपयांची पुरचुंडी. आप्पा बाजेवर बसले, टोपी नीट केली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले,

"सोमी, चहा ठेव."

त्या चहाचा अर्थ तिथल्या पोराटोरांनाही कळत होता. सोमीबाईचा चेहरा उतरला. मी ताडकन उठले, "आप्पा, अहो—" तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी डोळे दाखवले नव्हते.

चहा आला. आप्पांनी तो बशीत ओतून, फुंकून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग त्यांनी बशी खाली ठेवली.

"आते आयका. हाऊ रुपया देईसन मन्ही मायनी माले जेठीआईपाईन इकत लिधं. बरोबर? आनि रुपया निंघना खोटा. मंग सौदा झाया का?"

त्यांनी बशी पालथी घातली.

"नही झाया! उखर्डावरथून जेठीआईनी उचलेल पोऱ्या जेठीआईनाच ऱ्हायना. साठ वरीस मी चुकीना घरमा जेवन करी ऱ्हायनू." ते उभे राहिले. "सोमी, मी तुन्हा सख्खा भाऊ शे. आनि शर्मीना मामा. मामा नही, मामा नही, करतस कसाले?"

सोमीबाईला कळायला थोडा वेळ लागला. मग ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता तिनं आप्पांच्या पाठीत चांगला धपाटा घातला. "साठ वरीस उशीर करा रे!" शर्मी दारातून धावत आली. आप्पांनी खिशातून गुरुजींना काढलं आणि आत्याच्या हातात दिलं. "मामाना आहेर. वाजाडी देखा, बाई." आत्यानं उंबऱ्याच्या दगडावर टाकून पाहिला. गुरुजी नेहमीसारखेच वाजले. त्या रुपयाच्या जागी गुरुजी हारात गेले, हार पुरा झाला, मामाही मिळाला, आत्याला बोलायला काही उरलं नाही.

मी मात्र गुरुजींकडे पाहत होते. आता या माणसाकडे ताडून बघायला नाणंच उरलं नव्हतं. आप्पांना त्याचं काही नव्हतं. ते शर्मीला, नवरी जड आहे का, उचलता येईल का, ते विचारत होते.

घरी गेल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "साठी उनी तव्हय माले ननंद भेटनी!" पण दुसऱ्याच दिवशी नणंदेसाठी लुगडं आणायला त्या स्वतः बाजारात गेल्या. सोमीबाईनंही सांगून ठेवलं की येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी म्हणून ती त्यांच्याच घरी येणार, आणि पुरणपोळीशिवाय परत जाणार नाही.

आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते शर्मीच्या लग्नात. दुसऱ्या दिवसापासून उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि सुट्टीतच संस्थेनं माझी बदली दुसऱ्या शाखेत केली. मांडवात बँड होता, टिमली या आदिवासी नाचाचा ताल धरलेला, धूळ गुडघ्यापर्यंत. शर्मी मामापेक्षा वीतभर उंच. तरी आप्पांनी तिला कडेवर उचललंच. चार पावलं झोकात गेली, पाचव्याला टोपी पडली, सहाव्याला काकू ओरडल्या, आणि मांडवात पोचल्यावर नवरीनंच मामाला सावरून धरलं. मग ते नाचले. घंटेच्या टोल्यांसारखे हात वर-खाली करत, ताल सोडून, सगळ्यांच्या मध्ये नाचले.

जरा थांबले तेव्हा सोमीबाईनं त्यांना बाजूला ओढलं. तो 'खोटा' रुपया तिनं काळ्या दोऱ्यात ओवून आणला होता. लहान पोराच्या गळ्यात ताईत बांधतात तसा तिनं तो आप्पांच्या गळ्यात बांधला. "मन्हा भाऊले नजर नको लागाले," म्हणाली. आप्पा मान खाली घालून, शहाण्या मुलासारखे उभे होते.

ती गेल्यावर मी त्यांच्या जवळ गेले. मला राहवतच नव्हतं. "आप्पा, खरं सांगा. जन्मात तुम्ही चुकीचा चहा एकदाच मागवला होता, तोही नकळत. यावेळी मुद्दाम मागवलात. तुमच्या आईचा खरा रुपया, आणि तुम्ही चारचौघांत त्याला खोटा म्हणालात."

आप्पांनी रुपया दोन बोटांत धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे बारीक करून हसले.

"मन्ही मायनी बी तेच करं व्हतं ना, मॅडम. माले."

मला उकिरड्यावर ठेवलेलं ते बाळ आठवलं. तेवढ्यात मांडवातून शर्मीची हाक आली, "मामा! ओ मामा!"

"उनू, उनू!" म्हणत उखर्डूआप्पा टोपी सावरत पळाले, आणि गळ्यातला रुपया शर्टाच्या बटणावर वाजत गेला.